खळ्यातला रिकामा तुकडा

वन्सं,

तुमच्या तेराव्याच्या दिवशी जेवून उठलेली मंडळी ओटीवर सुपारी कातरत बसली होती आणि तुमचा स्वभाव किती शांत होता हे एकमेकांना सांगत होती. मी तेव्हा माजघरात तुमचा नकाशा जमिनीवर पसरून त्याच्याशी भांडत होते. शांत म्हणे! लग्न होऊन मी या घरात आल्यापासून जिनं माझ्याशी चाललेला एक वाद मिटू दिला नाही, ती शांत. मोहन दोनदा आत डोकावला. "अगं, लोक आलेत, बाहेर ये." मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचं काय करू ते सांग आधी." बिचारा पाण्याचा तांब्या उचलून परत गेला. त्याची सख्खी बहीण गेली होती आणि बायको आत एका नकाशावर ओरडत होती.

पण ओरडू नको तर काय करू? सुनावणी तोंडावर आली होती. हर्णेच्या खालच्या वाडीसमोरचं खळं, जिथे वाडीतल्या बायका जवळा, मांदेली, बोंबील वाळत घालतात, ते नव्या विकास आराखड्यात रहिवासी विभागात टाकलंय. आज कागदावर तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलेलं आहे. मोकळी म्हणजे कुणाचीच नाही, आणि कुणाचीच नाही म्हणजे उद्या तिथे समुद्राकडे तोंड करून गॅलऱ्यांची इमारत उभी. बायकांची हरकत मी दाखल केली होती. वकील म्हणून मी बोलणार होते, जाणकार म्हणून तुम्ही. मुंबईच्या कॉलेजात शहररचना आणि बांधकामाचा कायदा शिकवण्यात जन्म गेलेली बाई, जिनं आपली प्रत्येक सुट्टी या खळ्यावर घालवली, ती एकदा सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर उभी राहिली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं. तुम्ही तयारीसाठी बरेच दिवस आधी यायचं कबूल केलंत. नकाशा एसटीत चुरगळेल म्हणून मोहनच्या गाडीतून पुढे पाठवलात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एखाद्या गोष्टीला सरळ हो म्हणालात, आणि दापोलीची गाडी पकडायच्या आदल्या दिवशी गेलात. याला काय म्हणावं?

मला आठवतं, लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात तुम्ही मला हर्णेला नेलंत. मला वाटलं, नणंद नव्या भावजयीला बंदर दाखवतेय, संध्याकाळचा लिलाव दाखवतेय, येताना नारळपाणी पाजेल. कसलं काय. भर उन्हात खळ्याच्या मधोमध तुम्ही दुमडती खुर्ची उघडलीत, काळी छत्री उघडलीत, नाकाला रुमाल लावलात आणि बसलात. मी आपली उभी. सुक्या मासळीचा वास तेव्हा तुम्हाला सोसत नव्हता, रुमालावर अत्तर असायचं. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत हसत होत्या. त्यातली चंद्राबाय, आता जिचे गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे ती, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ही काय मोजाया आल्ये काय वो? सरकारी हाय?"

"नणंद आहे माझी," मी म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ दे बसलेली. नणंदेला कोन उठवनार?"

त्या दिवसापासून तुम्ही तिथेच बसलात. दिवाळीत या, मे महिन्यात या, खुर्ची तिथेच. मी एकदा म्हटलं, वन्सं, कडेला माडाची सावली आहे, तिथे बसा की. तर मला व्याख्यान मिळालं. बघणाऱ्यानं आपली जागा बदलायची नाही; बदलली तर फरक खळ्यात पडलाय की बघणाऱ्यात, हे कळायचं कसं? विद्यार्थ्यांनाही तुम्ही हेच शिकवायचात म्हणे. मी सावलीत जाऊन बसले आणि तुम्ही उन्हात तांबड्यालाल होऊन कागदावर चौकोन काढत राहिलात. खुर्ची पुढे पुढे तुम्ही चंद्राबायच्या पडवीतच ठेवून यायला लागलात, नेण्या-आणण्याचा त्रास नको म्हणून.

एक मात्र राग बाजूला ठेवून सांगते. तुम्ही नसतात तर माझ्या अंगावर वकिलीचा कोट चढला नसता. मामंजींना सुनेनं कोर्टात जाणं पसंत नव्हतं. ते तसं तोंडानं बोलत नसत, नुसते खाकरत. तुम्ही मुंबईहून काळा कोट शिवून आणलात आणि ओटीवरच्या खुंटीला, मामंजींच्या टोपीशेजारी अडकवलात. "बाबा, हा आता इथेच राहणार," एवढंच म्हणालात. मामंजी खाकरले आणि टोपी घालून बाहेर गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी कोट थोडा सरकवून टोपीला जागा केली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्या कोटाचे आभार मानायला मी कितीदा तोंड उघडलं असेल, पण दर वेळी तुम्ही खळ्याचा विषय काढलात आणि आपण भांडत बसलो.

भांडण काय होतं, ते हे पत्र छापून आलं की चार लोकांना कळेल. तुम्ही शोधून काढलंत ते खरोखर सुंदर होतं, हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. खळ्यावर भिंत नाही, खूण नाही, सातबाऱ्यावर कुणा बाईचं नाव नाही, तरी प्रत्येकीची जागा ठरलेली. सासूची जागा सुनेकडे जाते. सून नसेल तर नात्यातल्या जवळच्या बाईकडे. बाई बाळंतपणाला माहेरी गेली, आजारी पडली, मुलाकडे मुंबईला राहिली, तरी तिची जागा रिकामीच ठेवायची, तिच्यावर कुणी फडकंसुद्धा पसरायचं नाही. आणि जागेची कड कधी सरळ नसते. एकीचा जवळा जास्त झाला की शेजारणीकडे हातभर सरकतो, पुढच्या आठवड्यात शेजारणीचा इकडे. तुम्ही म्हणायचात, घर भिंतींनी संपतं असं आपले नियम धरून चालतात. इथे खळं हे घराचंच माजघर आहे, आणि नियमावलीत खळं हा शब्दच नाही. म्हणून तो घालायला हवा. जे लिहिलेलं नाही ते कायद्याला दिसत नाही.

मी म्हणायचे, दिसत नाही म्हणूनच टिकलंय. एकदा लिहिलं की वाटण्या आल्या. मी काही हवेत बोलत नव्हते. आंजर्ल्याच्या दोन भावांची पायवाटेची केस माझ्याकडेच होती. बागेतल्या त्या वाटेनं दोन्ही घरं जन्मभर गेली, कुणी कुणाला विचारलं नाही. मग एकाचा मुलगा मुंबईहून आला आणि म्हणाला, वहिवाट कागदावर आणू, म्हणजे पुढे कटकट नको. वाटेची रुंदी लागली. रुंदी लागल्याबरोबर वाटेवर आलेली आंब्याची फांदी कुणाची, पडलेला आंबा कुणाचा, गाडी जाते की नाही, सगळं सुरू. केस मी जिंकले. दोन्ही घरं आता लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जातात. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली तर तुम्ही काय म्हणालात? "वकीलबाई, तुमच्याकडे फक्त बिघडलेली प्रकरणं येतात. त्यावरून जगाबद्दल मत करू नका." चिडून मी त्या दिवशी तुमच्या पानात दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

आणि मग ती फक्की. वन्सं, त्या फक्कीबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही शाळेच्या मैदानावर आखतात तसली पांढरी फक्की आणलीत आणि खळ्यावर प्रत्येकीच्या जागेभोवती रेषा मारल्यात. नकाशा अचूक यावा म्हणून, फोटो वरच्या टेकाडावरून स्वच्छ यावा म्हणून. खुर्ची उचलून बाजूला ठेवलीत, टेप धरून उन्हात वाकून वाकून कडा शोधल्यात. जिथे कड सरकती होती तिथे तुम्ही मध्य काढलात. अभ्यासू माणसाखेरीज ही चूक कुणाच्या बापाला सुचली नसती. वाडीत संध्याकाळपर्यंत बातमी, मोजणी झाली, आता नावं लागणार. दुसऱ्या दिवशी चंद्राबायच्या शेजारच्या जागेवरच्या गुलाबनं आपला बोंबील थेट फक्कीच्या रेषेला भिडवला आणि चंद्राबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माज्या हद्दीत कशाला आलीस?"

"हद्द बायनं मारलान, मी नाय!"

हद्द हा शब्द त्या खळ्यावर त्याआधी कुणी ऐकलेला नव्हता. शेजारणी-शेजारणी त्या, एकीच्या घरी मीठ संपलं तर दुसरीच्या डब्यात न विचारता हात घालणाऱ्या. त्यानंतर दोघींनी आपापली जागा वेगळी सारवायला सुरुवात केली आणि मधे एक सुकी, भेगाळलेली पट्टी राहिली. तुम्ही स्वतः खराटा घेऊन रेषा झाडल्यात, पण झाडून काय जातंय? घरी येताना गाडीत मी म्हटलं, "बघितलंत, फक्कीनं भांडण लावलं." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "भांडण होतंच. फक्कीनं ते दिसलं." मी गाडी थांबवून तुम्हाला उतरवणार होते. मोहन मागे बसून म्हणाला, "दोघी जरा गप्प बसता का, मला मळमळतंय."

यावर तुमच्या मुंबईकर सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळंच. एवढ्याशा खळ्यावर एवढी वर्षं? मोठा विषय घ्या की, असं कुणीतरी परिसंवादात म्हणाल्याचं तुम्हीच सांगितलं होतंत, आणि वर हसला होतात. एका वर्षी तुम्ही विद्यार्थ्यांना याच खळ्याचा आराखडा करायला दिला. मुलं हुशार, त्यांनी फरशी घातली, बाकं घातली, दिव्यांचे खांब घातले, पर्यटकांना सेल्फी काढायला कठडा घातला. फक्त मासळी वाळत घालायला जागा ठेवली नाही. तुम्ही त्यांना ओरडला नाहीत. मे महिन्यात सगळ्यांना इथे आणलंत आणि दिवसभर उन्हात बसवलंत. संध्याकाळी माझ्या न्हाणीघरात आंघोळीसाठी रांग लागली होती, तेवढं पाणी तापवता तापवता माझी कंबर गेली. पण पुढच्या वर्षी त्यांतल्या एकीनं फरशी पुसून टाकली, हेही तुम्हीच मला कळवलंत, पेढे मिळाल्यासारख्या आवाजात.

आणि तुमच्या स्वतःच्या सोसायटीची ती नोटीस! अत्तराचा रुमाल लावणारी बाई शेवटी शेवटी स्वतःच जवळ्याच्या इतकी आहारी गेली की मुंबईच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून तो कडकडीत करायला लागली. गृहनिर्माणाचा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला तिच्याच गृहनिर्माण संस्थेची नोटीस. मी फोनवर इतकी हसले की मोहनला वाटलं रडतेय. उत्तर मीच लिहून दिलं होतं. "आमच्या अशिलाची गॅलरी ही तिच्या घराचाच भाग असून," असं मी सुरू केलं, तर तुम्ही पलीकडून ओरडलात, "बघ! आता तूच लिहिते आहेस!" मी फोन ठेवून कुकर लावला.

पण खरा राग या सगळ्याचा नाही. खरा राग तुमच्या थांबण्याचा आहे. नकाशा झाला होता, लेख लिहून झाले होते, तुमचा तो जाडजूड प्रबंध एका प्रकरणावर अडला होता. का? तर खळ्याच्या ऐन मध्यावर एक लहानसा तुकडा तुम्हाला उलगडत नव्हता. उन्हाची जागा, चांगली जागा. बायका तो तुकडा दर हंगामाला सारवतात, पण त्यावर काही वाळत घालत नाहीत. कुठल्याच घराचा नाही, हे तुम्ही घरोघर विचारून पक्कं केलं होतंत. देवाचा म्हणावा तर नारळ नाही, फूल नाही. तुम्ही बायकांना विचारलंत, त्या म्हणाल्या, "असाच." तुम्ही त्यावर अख्खी सुट्टी घालवलीत. नकाशात बाकी सगळ्या जागांना तुम्ही फिका गुलाबी रंग भरलात आणि तो तुकडा पांढरा ठेवून बाजूला बारीक अक्षरात लिहिलंत, 'वापर नाही, कारण अज्ञात.'

"अजून एक हंगाम बघू," तुम्ही म्हणायचात. दर वर्षी. मी सांगत होते, आराखडा तुमच्या हंगामासाठी थांबणार नाही, आहे ते छापा, आहे ते द्या. "अपुरं म्हणजे खोटं," हे तुमचं उत्तर. आराखडा आला तेव्हाच कुठे तुम्ही हललात. शेवटच्या फोनवर मी म्हटलं होतं, वन्सं, त्या पांढऱ्या तुकड्यालाही गुलाबी फासा आणि मोकळ्या व्हा, कोण बघतंय? तुम्ही म्हणालात, "तो तसाच राहील. माहीत नाही तर माहीत नाही म्हणायचं." मी रागानं "बरं" म्हटलं. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा. बरं. त्याच्याऐवजी कोटाबद्दल काही बोलले असते तर काय बिघडलं असतं?

मंगळवारी सुनावणी झाली. मी तुमची साडी नेसून गेले होते, ती पांढरी, बारीक काठांची. खोली लहान म्हणून बायका बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या, चंद्राबाय एका टोकाला आणि गुलाब दुसऱ्या. आत मी उभी राहिले आणि, वन्सं, मी तुमचं भाषण केलं. माझं नव्हे, तुमचं. घर भिंतीशी संपत नाही, खळं म्हणजे घराचं माजघर, जे लिहिलेलं नाही ते दिसत नाही, सगळं. जन्मभर जे खोडून काढलं ते मी घसा कोरडा पडेपर्यंत मांडलं, कारण खळं वाचवायला दुसरं काही हातात नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, नकाशा टेबलावर नीट पसरून घेतला, चष्मा पुसून खाली वाकले. आणि त्यांचं बोट नेमकं कुठे गेलं असेल?

"वकीलबाई, हा नकाशा तुमच्याच बाजूनं दिलेला आहे ना?"

"हो."

"मग यातच दिसतंय की मधली जागा वापरात नाही. ऐन मोक्याची जागा रिकामी राहते, म्हणजे खळं बायकांना पुरून उरतंय. असंच ना?"

समोरच्या बाजूचा, म्हणजे इमारत बांधू पाहणाऱ्यांचा, आर्किटेक्ट खुर्चीत जरा मागे रेलला. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पटण्यासारखं नक्कीच नव्हतं. साहेब म्हणाले, "या तुकड्याबद्दल सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या. त्यावर ठरवतो." मी बाहेर आले ती तणतणत. शिव्या येत असत्या तर तुम्हाला घातल्या असत्या. तुमचा प्रामाणिकपणा तुम्हाला लखलाभ, पण त्याच्यावर इमारत उभी राहणार आणि चंद्राबायनं बोंबील कुठे, तुमच्या प्रबंधात वाळत घालायचा का?

काल सकाळी एकटीच हर्णेला गेले. उन्हं वर आली होती, जवळा पसरून झाला होता. मी मधल्या त्या तुकड्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. ताजं सारवण होतं, बोटांचे फराटे दिसत होते, आणि वर काही नाही. माझा आवाज चढलेलाच होता. "चंद्राबाय, आता मला खरं सांगा. या तुकड्यावर तुम्ही काही घालत का नाही? 'असाच' म्हणू नका. याच्यापायी सगळं खळं जायची वेळ आलीय."

चंद्राबायनं गुलाबकडे बघितलं. गुलाबनं चंद्राबायकडे बघितलं. फक्कीनंतर या दोघी एकमेकींकडे बघताना मला दिसल्या नव्हत्या.

"तुमाला म्हायती नाय?" चंद्राबाय म्हणाली. "ती बायची जागा ना."

"कुठली बाय?"

"आता कुठली! तुमची नणंद. तितंच नाय बसायची, छत्री घेवन?"

माझ्यातली वकिली जागी झाली. "अहो, पण त्या सुट्टीतच यायच्या. बाकीचे दिवस?"

"मंग? गुलाबची सून बालंतपनाला म्हायेरी जाते तवा तिची जागा कोन घेतंय काय? बाय आज येयेल, उद्या येयेल. आली नि बसाया जागा नाय, असा बरा दिसंल?"

"आणि सारवायचात कशाला?"

"धूळ उडते वो," गुलाब म्हणाली. "तिची ती पांढरी साडी."

"तिनं तुम्हाला इतक्यांदा विचारलं! घरोघर हिंडली ती! एकीनं तरी सांगायचं होतं."

"कसा सांगनार?" चंद्राबाय म्हणाली. "सांगितला असता तर दुसऱ्या दिशी उठून कडंला जाऊन बसली असती. मानी बाय. खरी ती जागा माज्या चुलतसासूची. तिच्या मागं कोन नव्हता, मीच घेनार होती. तर ही येवन छत्री उघडून बसली. म्हटला दोन दिस बसंल नि जायेल. ती गेलीच नाय."

गुलाब हसली, मग तिनं पदर तोंडाला लावला. मी तिथेच, सारवणावर, मटकन बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बघणाऱ्यानं जागा बदलायची नाही! वन्सं, तुम्ही जागा बदलली नाहीत म्हणून ती तुमची झाली. तुम्ही लिहीत होतात तो रिवाज तुमच्या खुर्चीखाली चालू होता, आणि टेप धरायच्या आधी तुम्ही ती खुर्ची उचलून बाजूला ठेवलीत. त्या एका तुकड्यासाठी तुमचा प्रबंध अडला, नकाशा अडला, आपली भांडणं अडून राहिली. मला एकदम इतकं हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. तुम्ही गेल्यापासून मी नुसती चिडत होते. काल पहिल्यांदा रडले, सगळ्या वाडीसमोर, जवळ्याच्या वासात.

चंद्राबायनं पडवीतून तुमची खुर्ची आणायला लावली. ती उघडून त्या तुकड्यावर ठेवली आणि मला दंडाला धरून उठवलं. आत्तापर्यंत ती मला अहोजाहो करायची. "ऊठ. खाली बसू नको, साडीला लागंल. तिला सून नाय, मंग जवळची कोन? भावजय. आता ही तुजी. कवा येशील तवा येशील, पन येत ऱ्हा."

मी बसले. सावलीतून मला जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं ते तिथून दिसलं. सगळी दारं दिसतात, सगळ्या जागा दिसतात, आणि चंद्राबाय आणि गुलाबच्या मधली ती सुकी पट्टीही दिसते. ती पट्टी तुम्ही रोज समोर बघत बसलात आणि मी समजत होते की तुम्हाला काही वाटत नाही.

आज खुलासा लिहायला बसलेय. ज्या बाईनं जन्मभर सांगितलं की लिहू नका, तिनं आता स्वतःचंच नाव लिहायचं आहे. 'मधला तुकडा वापरात आहे. वापर, बसणे. वापरणारी, आधी नणंद, तिच्यामागे भावजय. खळ्याच्या रिवाजाप्रमाणे.' चंद्राबाय आणि गुलाब, दोघींचे अंगठे त्याखाली घेणार आहे, एकाच कागदावर, दोघी कबूल झाल्यात. साहेब हे मान्य करतील की हसून बाजूला ठेवतील, मला सांगता येत नाही. लिहिल्यावर उद्या या तुकड्यावरूनही हद्दी निघतील का, तेही सांगता येत नाही. म्हणजे आपला वाद आहे तिथेच आहे. फक्त आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागणार.

तो तुमचा पांढरा तुकडा मी रंगवलेला नाही, तसाच ठेवलाय. बाजूची 'कारण अज्ञात' ही अक्षरंही खोडली नाहीत, त्यांच्याखाली खुलाशातली तीच ओळ लिहिली. पण हे कारण मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आधी चष्मा काढला असतात, मग परत घातला असतात, मग "पुरावा काय?" म्हणाला असतात, आणि मग तुमचं तोंड कसं झालं असतं, ते मला बघायचं होतं. तेवढं बघायचं राहिलं, वन्सं.